पंधरा थेंबांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, रुग्णालयाच्या औषधभांडारातून निवृत्त झालेली कारकून, नवरा वारलेली, एका मुलीची आई आणि एका भावाची थोरली बहीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. कोणी माझा हात धरून लिहून घेतलेलं नाही. माझा हात धरण्याची हिंमत असलेली माणसं एकेक करून गेली, किंवा मीच घालवली. डोकं ठिकाणावर आहे. त्याची खातरजमा म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनवर पोचले आणि पुढे उणे पाच, उणे बारा म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी हात जोडले. यकृताने मात्र काम सोडलं आहे. त्या म्हणतात दोन महिने. त्यांचा चेहरा पाहून मी सहा आठवडे धरते आहे.

याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझ्या भावाचं नावसुद्धा नव्हतं.

घरादाराची वाटणी चार ओळींत संपली असती. एवढी पानं लागताहेत ती एका ठपक्यापायी. अकरा वर्षांपूर्वी चौकशी समितीने तो माझ्या भावावर ठेवला. तो त्याच्यावरून उचलून ज्याचा त्याला द्यायचा आहे. बाकी सगळं त्यासोबत जाता जाता.

कलम १. घर

तिसऱ्या मजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर, खालच्या इस्त्रीच्या दुकानातून येणाऱ्या वाफेसकट, माझ्या लेकीला. वाफेला नाक मुरडू नये. थंडीत फरशी गरम राहते ती त्याच वाफेमुळे. घराला अट नाही. एक सांगणं आहे, आणि ते ऐकून तिला घर नकोसं झालं तर तो तिचा हक्क.

बाळ, तू तुझ्या लग्नाला मामाला बोलावलं नाहीस. तू म्हणालीस, "आई, ज्याने तुझे इशारे दाबून टाकले आणि अंगाशी आल्यावर तुझंच नाव पुढे केलं, तो माणूस मला तिथे नको." मी म्हणाले, "तुझं लग्न, तू ठरव." आणि कांदा चिरायला लागले. लहानपणी तुला सायकल त्याने शिकवली, गालगुंड झालं तेव्हा आठ दिवस तुझ्या उशाशी तो बसला, हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं, म्हणून तर तू माझ्याकडे पाहत थांबली होतीस. मी एक शब्द बोलले असते तर तू त्याला बोलावलं असतंस. पुढचं कलम सहा वाचशील तेव्हा कळेल की तू चुकीच्या माणसाला दाराबाहेर ठेवलंस. बरोबर माणूस नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसला होता.

कलम २. ठेव

बँकेतली ठेव डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला. फार नाही. त्यांनी बाकड्यांना पाठी लावून घ्याव्यात.

कलम ३. सामान

कीबोर्ड कोणी घेऊ नये. त्यावरची अक्षरं झिजून गेली आहेत आणि ती कुठे होती ते फक्त माझ्या बोटांना ठाऊक आहे. सरळ फेकून द्यावा. बदलवह्या, म्हणजे माझ्या प्रोग्रामात कोणत्या दिवशी काय बदललं याच्या हाताने लिहिलेल्या सात वह्या, वकीलबाईंकडे राहाव्यात. सहाव्या वहीत एक पान फाडलेलं आहे. ते मीच फाडलं. त्यावर काय होतं ते कलम सहामध्ये येईल, म्हणून शोधत बसू नये.

कलम ४. मोजपट्टी म्हणजे काय

हे कलम कोणाला काही देत नाही. पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि माझ्या लेकीलाही हे कधी नीट सांगितलेलं नाही. ती विचारायची आणि मी "कामाचं आहे गं" म्हणून वाटेला लावायची.

प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्या कोणीतरी आधी नीट लिहून ठेवलेला तुकडा उचलतो आणि आपल्या प्रोग्रामात बसवतो. त्या तुकड्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. माझ्या लायब्ररीचं नाव मोजपट्टी. उघडी आणि फुकट: कोणीही घ्यावी, आत डोकावावं, चूक दिसली तर सांगावी. ती औषधाचं एक माप दुसऱ्या मापात करून देते. तासाला इतकं सलाईन जायला हवं तर मिनिटाला किती थेंब पडायला हवेत, अशासारखं. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही. भांडारात संगणक आला तेव्हा त्याच्यासोबतचं जाडजूड पुस्तक कोणी उघडेना, म्हणून मी उघडलं. शब्दकोश शेजारच्या मास्तरीणबाईंचा. सव्वीस वर्षांपूर्वी मोजपट्टी लिहिली ती आमच्या भांडारापुरती. आज तिच्यावर चाळीसेक हजार प्रोग्राम उभे आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कशावर उभे आहोत हे माहीतही नाही.

माझ्या मोजपट्टीवर बारक्याने तागडी बांधली. बारक्या म्हणजे माझा भाऊ. त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी बारक्याच. त्याला हे काम मीच शिकवलं. रुग्णाचं वजन आणि औषधाचं नाव घातलं की तागडी मोजपट्टीला विचारायची आणि सलाईनचा वेग सांगायची. तागडीवर पुढे रुग्णालयांना प्रोग्राम विकणाऱ्या एका कंपनीने आपला डोलारा उभा केला. तळाला मी, मधे भाऊ, वर कंपनी, आणि सगळ्यांच्या वर नळी टोचलेला माणूस. तळातल्याने कूस बदलली की वरचा पडतो.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. जुन्या नावाचं उत्तर कधी बदलायचं नाही. जुनं चुकलं असेल तर नव्या नावाने बरोबर लिहायचं, जुन्यावर इशारा लावायचा, "हे जाणार आहे, नवं वापरा", आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मग एक दिवस जुनं काढायचं. काढलं की त्याच्यावर विसंबलेला प्रोग्राम ठणाणा करून बंद पडतो. बंद पडलेला प्रोग्राम बरा; कोणाच्या नसेत काही जात नाही.

दुसरी रीत आकड्यांची. प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे असतात. पहिला वाढला तर समजायचं, जुनं काही मोडलंय, सांभाळून या. मधला वाढला तर नवं काही आलंय. शेवटचा वाढला तर बारीकसारीक दुरुस्ती, डोळे मिटून घ्या. शेवटचा आकडा लोक खरंच डोळे मिटून घेतात. यंत्रंच घेतात, माणसाला विचारतही नाहीत. सगळा धंदा त्या शेवटच्या आकड्यावरच्या विश्वासाने चालतो.

कलम ५. टायवाला

सभा-संमेलनांत भाषणं देत फिरणारे एक गृहस्थ आहेत. लायब्ररी त्यांनी एकही लिहिलेली नाही, टाय मात्र दर भाषणाला नवा. त्यांना माझी पंचवीस मिलिलिटरची काचेची मापनळी आणि एक ड्रॉपर द्यावा. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने एक मिलिलिटर थेंबाथेंबाने मोजावं. मोजताना चुकलं तर चुकू द्यावं, हसायला तिथे कोणी नसेल. मला तेवढंही मिळालं नव्हतं.

कलम ६. कबुली

मोजपट्टीत "थेंब" नावाचा एक हिशोब होता. एका मिलिलिटरचे पंधरा थेंब, असं मी त्यात धरलं होतं, कारण आमच्या भांडारात येणाऱ्या नळ्या पंधराच्याच होत्या. बाहेर बहुतेक ठिकाणी वीसच्या नळ्या आल्या हे मला बारा वर्षांनी कळलं, तेही बारक्याकडून. तो रविवारी सकाळी नवी नळी घेऊन आला. आम्ही ती या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला टांगली, खाली हीच मापनळी धरली आणि दोघांनी मिळून मोजलं.

"ताई, वीस."

"परत मोज."

"तीनदा मोजलं. वीस. तू बारा वर्षं जगाला पंधरा शिकवतेयस."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मला घाम फुटला. कमी औषध जात होतं, इतकी वर्षं. बारक्या म्हणाला, "थांब, घाबरू नकोस. मी उद्याच तागडीत वरून एक तृतीयांश वाढवून टाकतो, म्हणजे तुझे पंधरा माझ्याकडे वीस होतील. तू नवा हिशोब नव्या नावाने लिही, जुन्यावर इशारा लाव. पण जुन्या थेंबाला हात लावू नकोस. तू तिथे वीस केलेस आणि माझी वाढ तशीच राहिली, तर एकच दुरुस्ती दोनदा होईल."

"नाही लावणार."

"शब्द?"

"शब्द. आता चहा पी."

मी रीतीप्रमाणे केलं. नव्या नावाने नवा हिशोब लिहिला, त्यात नळी कोणती हे सांगावंच लागतं. जुन्यावर इशारा लावला. तीन वर्षं तो इशारा प्रत्येक प्रोग्रामात लाल अक्षरांत ओरडत होता. तागडी वापरणारे बारक्याच्या मागे लागले की ही लाल अक्षरं बंद कर, आमच्या सिस्टर घाबरतात. त्याने एका ओळीने ती बंद केली. त्या ओळीशेजारी, आत डोकावणाऱ्याला दिसावं म्हणून, त्याने लिहून ठेवलं: "जुना थेंब बदलणार नाही. ताईचा शब्द आहे. सवडीने नव्यावर जाऊ."

सवडीने हा त्याचा दोष. तेवढा त्याचा आहे, आणि तो त्याने कधी नाकारला नाही.

मग टायवाल्याचं भाषण झालं. त्याने पडद्यावर माझी ती ओळ मोठी करून दाखवली आणि म्हणाला, "हे पाहा म्हातारीचे पंधरा थेंब. चूक कळून तीन वर्षं झाली तरी आजीबाई काढायला तयार नाहीत." सभागृह हसलं. मी शेवटून तिसऱ्या रांगेत होते. माझ्या शेजारचा मुलगाही हसला आणि मला म्हणाला, "सॉलिड आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी पंधरा खोडून वीस केले. जुन्याच नावात. बारक्याची वाढ मला आठवत होती. हे मी पुन्हा लिहिते, म्हणजे कोणी म्हातारपणाच्या नावावर खपवायला नको: आठवत होती. पहिला आकडा वाढवायला हवा होता. पण पहिला वाढवला की लोक दोन-दोन वर्षं नवी आवृत्ती घेत नाहीत, आणि तोवर माझे पंधरा थेंब जगभर लटकत राहिले असते. मला ते त्या आठवड्यात पुसायचे होते. म्हणून मी शेवटचा आकडा वाढवला. चार-दोन-सातचं चार-दोन-आठ झालं. संगणकावरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या बदलवहीत लिहिलं: "बारीक दुरुस्ती." बारक्याला रविवारी सांगू, असं ठरवलं. एक ओळ काढायची, पाच मिनिटांचं काम.

रविवारी तो आला. चपला काढता काढताच म्हणाला, "ताई, अख्खं सभागृह हसलं म्हणे तुला! म्हातारीचे पंधरा थेंब!" आणि तो हसला, जसा त्या सकाळी नळीखाली हसला होता तसाच. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं. मी म्हटलं, हसतोयस ना, मग शोध तुझं तू. त्याला चहा दिला आणि सांगितलं नाही.

एवढंच. राग दोन दिवसांत निवला असता. पण कंपनीने मंगळवारी आपला प्रोग्राम नव्याने बांधला, आणि बांधताना यंत्राने चार-दोन-आठ डोळे मिटून उचललं.

त्यानंतर एका रुग्णालयात एका बाईला अकरा दिवस एक तृतीयांश जास्त औषध गेलं. वय चौतीस. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं ही तिची नोकरी, आणि घरी आठ महिन्यांचं मूल. पिशवी लवकर संपतेय असं तिथल्या सिस्टरने दोनदा सांगितलं. पडद्यावरचा आकडा दाखवून तिला गप्प केलं. ते औषध जास्त झालं की कानाची नस जाते. दोन्ही गेल्या. मूल रडतंय हे तिला त्याच्या तोंडाकडे पाहून कळतं.

चौकशी समितीसमोर बारक्याच्या प्रोग्रामातली ती ओळ मोठ्याने वाचली गेली: "जुना थेंब बदलणार नाही. ताईचा शब्द आहे." अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, असा काही शब्द तुम्ही दिला होता का?"

बारक्या समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढा तो निर्धास्त होता.

मी म्हणाले, "मला असं काही आठवत नाही. मी तीन वर्षं इशारे दिले. त्यांनी ते बंद केले. हे सगळं लेखी आहे."

शब्द लेखी नव्हता. म्हणजे होता, सहाव्या वहीत, त्या रविवारच्या पानावर, माझ्याच अक्षरात: "जुन्या थेंबाला हात लावायचा नाही, बारक्याला शब्द." ते पान मी आदल्या दिवशी फाडून गॅसवर जाळलं.

बारक्याची तागडी काढून घेतली. त्याच्या नावाने बातम्या छापून आल्या. कोणी काम देईना. तो शाळेची गाडी चालवतो. मला त्या वर्षी "जबाबदारीने सांभाळ करणारी" म्हणून एक मानचिन्ह मिळालं. ते कपाटावर आहे. लेकीने ते पुसू नये.

माझ्या मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत हे कलम सहा जसंच्या तसं मोजपट्टीच्या जाहीर बदलवहीत, चार-दोन-आठ या आवृत्तीखाली, "बारीक दुरुस्ती" हे शब्द खोडून घालावं.

कलम ७. पत्र

निकालानंतर त्या बाईने मला पत्र लिहिलं. कपाटाच्या वरच्या खणात आहे. "तुम्ही तरी वेळेवर इशारा दिला होतात. सगळे तुमच्यासारखे असते तर." हे पत्र आणि कलम सहाची एक प्रत तिला परत पाठवावी. सोबत खुलाशाची चिठ्ठी, क्षमेची चिठ्ठी, काही नको. तिला माझं काहीही ऐकून घ्यायला लावू नये.

कलम ८. किल्ली

मोजपट्टीची नवी आवृत्ती जगाला द्यायची तर एक पासवर्ड लागतो. आम्ही त्याला किल्ली म्हणतो. ती ज्याच्याकडे, मोजपट्टी त्याची. ती किल्ली मी माझ्या भावाला देत आहे, त्यालाच आणि दुसऱ्या कोणाला नाही. त्याच्याइतका सांभाळून हात लावणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याने मोजपट्टी पुढे न्यावी, म्हणजे लोकांना कळेल की तळाला कोण असायला हवं होतं.

कलम ९. कंपनी

काही नाही. त्यांनी समितीसमोर चार वकील उभे केले आणि सांगितलं, "आम्ही फक्त घेतो, आत पाहत नाही." तसंच चालू ठेवावं.

कलम १०. अंमलबजावणी वकीलबाई करतील. घाईघाईत बोलतात पण कागदाला पक्क्या आहेत.

पुरवणी, सहीच्या दिवशी, सह्यांच्या आधी, माझ्याच हाताने

वरचं मंगळवारी लिहून झालं. आज शुक्रवार. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई आल्या आहेत, दुसरे खालचे इस्त्रीवाले येणार होते. बारक्याला मी वकीलबाईंकरवी बोलावलं. त्याने यावं आणि स्वतःच्या कानांनी ऐकावं, अशी माझी इच्छा. तो गाडीच्या गणवेशात आला. तीन जिने चढून धापा टाकत होता. खुर्ची दिली तर बसला नाही.

"चष्मा गाडीत राहिला," तो म्हणाला. म्हणून वकीलबाईंनी कलम सहा मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच हळू वाचलं त्यांनी.

वाचून झाल्यावर बारक्या मला म्हणाला, "तुला आठवत होतं?"

"होतं."

"समितीत पण?"

"समितीत पण."

त्याने रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग म्हणाला, "अकरा वर्षं मी घरात सगळ्यांना सांगत आलोय की ताई विसरली. वय झालंय तिचं, विसरली असेल. बायको म्हणायची, तुझी बहीण खोटारडी आहे. मी दोन दिवस जेवलो नव्हतो त्यावरून. तू विसरली होतीस ना, तोवर बरं होतं गं."

मला वाटलं होतं, मी त्याला काही देते आहे. त्याच्याजवळ राहिलेलं एकुलतं एक मी काढून घेत होते.

"आणि हे बाहेर कधी येणार?" त्याने विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, "मृत्यूनंतर सात दिवसांत."

"म्हणजे तुला कोणी काही विचारणार नाही."

"नाही," मी म्हणाले.

"छान आहे."

मी कलम सहामधले "माझ्या मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत" हे शब्द खोडले, खोडीवर सही केली, आणि संगणक टेबलावर ओढून सगळ्यांसमोर कबुली बदलवहीत घातली. एक वाजून चाळीस मिनिटांनी ती जगाला दिसू लागली. सहा मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. कुठल्याशा कार्यालयातल्या माणसाचं होतं. वकीलबाईंनी वाचलं: "माहितीबद्दल धन्यवाद. यामुळे आमच्याकडे काही मोडणार आहे का?"

बारक्या हसला. मोठ्याने. डॉक्टरीणबाई दचकल्या. मलाही हसू आलं, आणि एक क्षण मला वाटलं की झालं, आता तो बसेल, मी चहा ठेवीन. त्याने माझं हसू पाहिलं आणि त्याचं थांबलं.

मग वकीलबाईंनी कलम आठ वाचलं.

"वकीलबाई, साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?"

"नाही. साक्षीदाराच्या नावाने जे दिलेलं असतं ते रद्द होतं. म्हणून तर तुम्हाला साक्षीदार केलं नाही. इस्त्रीवाले येताहेत."

"त्यांना नका बोलावू. मी करतो सही."

"अहो, मग कलम आठ जाईल."

"आणि सहावं?"

"ते राहील. त्यात तुम्हाला काही दिलेलं नाही."

"मग ठीक आहे."

मी म्हणाले, "बारक्या, मोजपट्टी बंद पडेल. चाळीस हजार प्रोग्राम आहेत तिच्यावर."

"पडू दे. बंद पडलेला प्रोग्राम बरा, तूच शिकवलंस."

"मी तुझ्यासाठी ठेवली होती रे."

"माहितीये. म्हणूनच." त्याने घड्याळ पाहिलं. "ताई, आटप. अडीचला शाळा सुटते."

सगळे थांबले आहेत म्हणून पटकन लिहिते. भाऊ साक्षीदार झाल्यामुळे कलम आठ लागू राहत नाही. किल्ली कोणालाही जाणार नाही, माझ्यासोबत संपेल. मोजपट्टी आहे त्या आकड्यावर थांबेल. तिची नक्कल करून दुसऱ्या नावाने पुढे न्यायची तर कोणीही न्यावी, उघडीच आहे. फक्त या नावाखाली आता काही बदलणार नाही. कलम आठ मी खोडलेलं नाही. मला काय द्यायचं होतं ते दिसत राहावं, आणि त्याने ते घेतलं नाही हेही.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
व्यवसाय: डॉक्टर. लिहून देणाऱ्याशी नातं: उपचार करणारी.

साक्षीदार दुसरा: (सही)
व्यवसाय: शाळेच्या गाडीचा चालक. लिहून देणाऱ्याशी नातं: काही नाही.

ठिकाण: लिहून देणारीचं राहतं घर, तिसरा मजला.
दिनांक: २० सप्टेंबर २०२४, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं.